गावच्या जमिनीवर इंडस्ट्रियल एरियाची नोटीस आली? मुंबईत राहणाऱ्यांनी काय काय करायचं

मी भांडुपला राहते, माहेर पेण तालुक्यात. श्रावणात चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो टाकला, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर चिकटवलेला कागद, अर्ध्या फोटोत त्याचाच अंगठा. खाली लिहिलेलं, "आपली पण जमीन जातेय वाटतं." मी फोटो मोठा करून करून बघितला तरी सर्व्हे नंबर काही वाचता येईना. दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकला, भांडुपवरून ठाणे, ठाण्याहून पनवेल लोकल, पुढे एसटी, आणि संध्याकाळी त्या बोर्डासमोर उभी राहिले तेव्हा कळलं की कागदावरची तारीख १६ दिवसांपूर्वीची आहे.

पुढचे काही महिने ह्यातच गेले. जे मला कोणी सांगितलं नाही ते इथे लिहून ठेवतेय, कारण मुंबईतल्या अर्ध्या घरांची गावाला कुठेतरी दोन-पाच गुंठे किंवा दोन-पाच एकर असतेच, आणि रायगड-ठाणे-पालघर पट्ट्यात तर आता कुठल्या गावाला कधी नोटीस येईल सांगता येत नाही. मी वकील नाही. कोर्टात जायची वेळ आली तर वकील लागेलच, पण त्याच्या आधीचं बरंचसं आपलं आपल्याला करता येतं.

१. आधी बघा नोटीस नक्की कसली आहे

गावात सगळे एकच वाक्य बोलतात, "जमीन गेली". पण तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिघींचं उत्तर वेगळं.

पहिली, झोन बदलायची किंवा नवीन आराखड्याची नोटीस. ही १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना कायद्याखाली निघते, लोक ह्याला एमआरटीपी म्हणतात. कलम २६ असेल तर प्रारूप विकास आराखडा, कलम ३७ असेल तर मंजूर आराखड्यात फेरबदल, कलम २० असेल तर प्रादेशिक योजनेत फेरबदल. ह्याच्यात तुमची शेती नकाशावर जांभळी होऊ शकते, म्हणजे औद्योगिक, पण मालकी तुमचीच राहते. ताबडतोब कोणी जमीन घेत नाही.

दुसरी, एमआयडीसीची. ही १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्याखाली. आधी सरकार राजपत्रात जाहीर करतं की अमुक गावांचं अमुक क्षेत्र औद्योगिक क्षेत्र आहे, गावात ह्याला "प्रकरण सहा लागलं" म्हणतात. मग मालकांना कलम ३२(२) ची नोटीस येते, की तुमची जमीन का घेऊ नये ह्याचं कारण सांगा. ही खरी घ्यायची नोटीस. ह्याच्यावर सुनावणी होते आणि मग ३२(१) ची अधिसूचना निघाली की जमीन कायद्याने सरकारची. त्या दिवशी तुमच्या खाचरात भात उभा असला तरी.

तिसरी, हद्दवाढ. गाव महापालिकेत घ्यायचं. ह्याच्यात जमीन जात नाही, ग्रामपंचायत जाते, घरपट्टी बदलते, बांधकाम परवानगी देणारं ऑफिस बदलतं. कल्याण-डोंबिवलीची २७ गावं बघा, २००२ ला बाहेर काढली, २०१५ ला परत आत. तिथल्या माणसाला विचारलं तर तो तुम्हाला दोन तास सांगेल.

मी पहिले चार दिवस एमआयडीसीच्या नावाने बोटं मोडत होते आणि कागद निघाला आराखड्याचा. नंतर एमआयडीसीची पण आली तो भाग वेगळा. म्हणून आधी कलम वाचा. कागदाच्या पहिल्या चार ओळींतच असतं, सगळ्यात कंटाळवाण्या ओळी त्याच असतात आणि महत्त्वाच्या पण त्याच.

अजून एक बघायचं म्हणजे नियोजन प्राधिकरण कोण आहे. नैनामध्ये (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं क्षेत्र) सिडको, औद्योगिक क्षेत्र जाहीर झालं की तिथे एमआयडीसी, आणि २०२४ मध्ये उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमलंय. म्हणजे एकाच तालुक्यात शेजारच्या दोन गावांच्या हरकती वेगवेगळ्या ऑफिसात जाऊ शकतात, एक बीकेसीला, एक बेलापूरला. आमच्या शेजारच्या गावातल्या एका काकांनी अख्खा अर्ज भलत्याच ऑफिसात दिला, तिथे घेतला पण कोणी, शिक्का पण मारला, आणि मुदत संपल्यावर कळलं.

२. तारीख मोजा, पण बरोबर तारखेपासून

आपल्याला कळलं त्या दिवसापासून मुदत सुरू होत नाही. आराखड्याच्या किंवा फेरबदलाच्या नोटिशीत साधारण ३० दिवस असतात आणि ते मोजले जातात राजपत्रात छापल्याच्या तारखेपासून, नोटिशीत तसं लिहिलेलं असतं. ३२(२) च्या नोटिशीत जी मुदत लिहिली असेल तीच.

पेपरात जाहिरात येते, पण ती जिल्हा आवृत्तीत, मुंबईच्या पेपरात तुम्हाला दिसेलच असं नाही. राजपत्र ऑनलाइन मिळतं. नाहीच सापडलं तर चर्नी रोडला सरकारी छापखान्याचं पुस्तकांचं दुकान आहे तिथे विचारा, मुंबईत राहण्याचा एवढा तरी फायदा.

माझ्याकडे १४ दिवस उरले होते, त्यात दोन शनिवार-रविवार आणि गणपती. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर शेवटच्या तारखेला लाल गोल केला आणि त्याच्या चार दिवस आधी अजून एक गोल केला, तो खरा. शेवटच्या दिवशी आवक-जावकच्या खिडकीवर जी रांग लागते त्यात उभं राहण्यापेक्षा हे बरं.

३. आपली जमीन त्यात आहे का ते शोधा

नोटिशीला एक परिशिष्ट जोडलेलं असतं, त्यात गाव, सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, हिस्सा, क्षेत्र. बोर्डावर बऱ्याचदा नोटीस लावतात आणि परिशिष्ट लावत नाहीत. ते तहसील, प्रांत (उपविभागीय अधिकारी) ऑफिस किंवा प्राधिकरणाच्या ऑफिसात बघायला मिळतं, नकाशासकट. फोटो काढू द्या म्हणून विचारा, नाही म्हणाले तर प्रत मागायचा अर्ज द्या.

आता इथे घोळ असा होतो की घरात म्हातारी माणसं जमिनीला नावाने ओळखतात. आमच्याकडे "खालची मळी", "वडाचं शेत" आणि "बाहेरचं वरकस". त्यातलं कुठलं कुठल्या नंबराचं हे फक्त मोठ्या काकांना माहीत, आणि काकांना जुने नंबर माहीत. काही गावांत नंतर गट झाले, काही ठिकाणी सर्व्हे-हिस्साच चालू आहे. तर हे करा:

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत मिळतो. नावावरून, नंबरावरून शोधता येतो. आठ-अ काढा, त्यात एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एकत्र दिसते, म्हणजे विसरलेला तुकडा पण सापडतो. आम्हाला साडेतीन गुंठ्यांचा एक सापडला ज्याचं कोणाला काहीच आठवत नव्हतं. मग महाभूनकाशावर तो नंबर टाकून आकार बघा, प्रिंट काढा, काकांसमोर ठेवा, ओढा आणि रस्ता दाखवा, मग त्यांना बरोबर समजतं.

परिशिष्टात क्षेत्राच्या रकान्यात "पैकी" किंवा "भाग" असा शब्द आहे का ते बघा. पूर्ण जाणार की तुकडा जाणार हे त्या एका शब्दावर. तुकडा जाणार असेल तर मागे जे उरेल त्याला रस्ता राहतो का, पाणी येतं का, हा हरकतीतला सगळ्यात दमदार मुद्दा होऊ शकतो.

४. सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे? (इथेच सगळं अडतं)

हा भाग नीट वाचा, बाकी घाईत वाचलंत तरी चालेल.

मी पहिल्यांदा एका ऑफिसात गेले, नीट टाइप केलेला अर्ज घेऊन. टेबलामागच्या माणसाने अर्ज न वाचता सातबारा बघितला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव कुठंय ह्याच्यात?" नव्हतंच. माझ्या वडिलांचं पण नव्हतं. आजोबांचं होतं, जे मी शाळेत असताना गेले. त्यांच्यानंतर वडील, दोन काका, आत्या, मग आमची पिढी, सगळं घर वाढलं आणि सातबारा तिथेच. मुंबईत नोकऱ्या लागल्या, भात काका करत होते, कोणाला गरजच पडली नाही.

तसा आराखड्यावर हरकत कोणीही घेऊ शकतो, नाव नसलं तरी. पण ३२(२) ची नोटीस येते ती सातबाऱ्यावरच्या नावाने. म्हणजे आमच्याकडे ती आली मयत माणसाच्या नावाने, गावच्या घराच्या दाराला चिकटवली, आणि झाली बजावणी. आणि शेवटी मोबदल्याची वेळ आली की ज्यांची नावं नाहीत ते बाहेर, किंवा वाद आहे म्हणून पैसे अडकून.

वारस नोंद अशी होते: तलाठ्याकडे अर्ज (आता ते ग्राम महसूल अधिकारी झालेत, पण गावात तलाठीच म्हणतात), किंवा ई-हक्क वरून ऑनलाइन. सोबत मृत्यूचा दाखला, वंशावळ, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार. फेरफार धरला जातो, नोटीस निघते, १५ दिवस हरकतीसाठी, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. फेरफार कुठपर्यंत आला ते आपली चावडी वर बघता येतं, तलाठ्याला रोज फोन करायची गरज नाही.

मृत्यूचा दाखला मुंबईत मृत्यू झाला असेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात. आजोबांचा गावचा, जुना, तो ग्रामपंचायतीच्या वहीत सापडला, "पांडुरंग" च्या जागी "पांडूरंग". हसू नका, त्या एका ऊकारासाठी एक ज्यादा प्रतिज्ञापत्र करावं लागलं, दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत म्हणून.

आणि बहिणींनो, हे तुमच्यासाठी. नोटीस आली की घरात कोणीतरी म्हणतं, "आत्ता सगळ्यांची नावं लावत बसलो तर उशीर होईल, तुम्ही हक्कसोड करून द्या, पैसे आले की बघू." २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढाच वाटा आहे. सोडायचा असेल तर खुशीने सोडा, पण घाईत, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही करू नका. वारस नोंदीला हक्कसोड लागत नाही. माझ्या आत्याला हे असंच सांगितलं होतं, ती तयार पण झाली होती. आता तिचं नाव आहे आणि काकांशी बोलणं पण आहे, दोन्ही होऊ शकतं.

गौरी-गणपतीला सगळे वारस एका घरात असतात, बदलापूरचे, नालासोपाऱ्याचे, पुण्याचे. वंशावळ आणि प्रतिज्ञापत्रांचे मसुदे आधीच तयार ठेवले, आरतीनंतर सगळ्यांना वाचून दाखवले, आधारच्या झेरॉक्स तिथेच गोळा केल्या, आणि दुसऱ्या दिवशी दोन रिक्षा करून सगळी वरात तालुक्याला सह्यांसाठी. एरवी ह्याच कामाला चार महिने गेले असते.

मुदतीच्या आत वारस नोंद होणार नाही, हे गृहीत धरा. म्हणून हरकत थांबवू नका. वारस नोंदीच्या अर्जाची पोच हरकतीला जोडा आणि लिहा की आम्ही मयत अमुक यांचे वारस, नोंदीचा अर्ज अमुक तारखेला दिलाय.

५. फाइलमध्ये काय काय हवं

- चालू सातबारा आणि आठ-अ, प्रत्येक नंबराचा
- जुने फेरफार, निदान आजोबांपर्यंतचे (जुने स्कॅन केलेले ऑनलाइन पण मिळतात, नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये)
- गट नकाशा किंवा सर्व्हेचा नकाशा
- मृत्यूचे दाखले, वंशावळ, प्रतिज्ञापत्रं, वारस अर्जाची पोच
- नोटीस आणि परिशिष्ट, राजपत्राच्या पानाची प्रिंट
- पिकांची नोंद, ई-पीक पाहणीची
- झाडं, विहीर, बांध, पंप, घर ह्यांचे फोटो, तारखेसकट
- घर असेल तर घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा नमुना ८, लाइट बिल
- मुंबईतल्या वारसांकडून गावी जाणाऱ्याच्या नावाने अधिकारपत्र

ई-पीक पाहणीबद्दल थोडं. २०२१ पासून पीक आपणच मोबाइलवरून नोंदवायचं असतं. मुंबईकरांचं राहून जातं, मग बाराच्या रकान्यात जमीन पडीक दिसते. आमची दोन वर्षं पडीक होती, कागदावर. प्रत्यक्षात काका दरवर्षी भात काढतायत. सुनावणीत हाच प्रश्न आला.

सगळ्याचे तीन सेट. एक ऑफिसला, एक गावात, एक मुंबईत.

६. हरकत लिहायची कशी

गावात एक छापील फॉर्म फिरतो, खाली नाव-सही करायची. मोर्चासाठी, संख्या दाखवायला तो ठीक आहे, सही जरूर करा. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण त्यात तुमच्या नंबराचं काहीच नसतं आणि त्याला उत्तर पण एकाच ओळीत येतं, सगळ्यांना मिळून.

स्वतःची हरकत एका पानाची, फार तर दोन. मराठीत. वर नोटिशीचा क्रमांक आणि तारीख, मग तुमचा नंबर आणि क्षेत्र, तुम्ही कोण, आणि मग मुद्दे. मी असं लिहिलं होतं:

"सदर जमिनीत पावसाळी भात घेतला जातो व विहिरीवर उन्हाळी भाजीपाला घेतला जातो. प्रस्तावित हद्दीची रेषा विहिरीच्या पश्चिमेकडून जात असल्याने विहीर संपादनात व उर्वरित शेत बाहेर राहते. त्यामुळे उर्वरित क्षेत्र पाण्यावाचून निरुपयोगी होईल. सबब रेषा ओढ्याच्या पलीकडे सरकवावी, अथवा विहीर वगळावी."

बघा, "आमचा विरोध आहे" हे वाक्य खाली आहेच, पण वरती त्यांना नकाशावर पेन्सिल लावता येईल असं काहीतरी आहे. रेषा कुठे सरकवायची ते सांगा. पाटबंधाऱ्याचं पाणी येतं का, गावठाणाला चिकटून आहे का, गुरांची वाट आहे का, स्मशानाचा रस्ता तिथून जातो का, खारबंदिस्तीचा बांध आहे का.

घरांचं खास लिहा. आपल्याकडे गावठाण केव्हाचं भरलंय, त्यामुळे पोरांची घरं बाहेर शेतात झाली आणि सातबाऱ्यावर ती अजून शेतीच आहे. वरून नकाशा काढणाऱ्याला तिथे मोकळी जमीन दिसते. नवी मुंबईत "गरजेपोटी घरं" हा शब्द ह्यातूनच आलाय आणि त्याचं भांडण किती वर्षं चाललंय ते आपण बघतोच. घराचे कागद हरकतीलाच जोडून टाका, नंतर नको.

शेवटी एक परिच्छेद असा टाका की हरकत मान्य न झाल्यास मोबदला, विकसित भूखंड, पुनर्वसन ह्याबाबतचे आमचे सगळे हक्क राखून हा अर्ज देत आहोत. काही जण म्हणतील की हे लिहिलं म्हणजे तुम्ही तयार झालात. मला तसं वाटत नाही.

देताना दुय्यम प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्या. क्रमांक नसेल तर तो शिक्का नुसती शाई आहे. माझ्या वेळी म्हणे नंबर नंतर टाकतो, मी म्हटलं थांबते. वीस मिनिटं थांबले. सोबत रजिस्टर पोस्टाने पण एक पाठवून दिलं, ती पावती स्टेपल केली.

७. मधल्या काळात माहिती अधिकार

१० रुपयांचा अर्ज, उत्तराला ३० दिवस. एमआयडीसीचं मुख्य ऑफिस अंधेरीत महाकाली केव्हज रोडला आहे, उद्योग सारथी. मुंबईकराला हे गाववाल्यापेक्षा सोपं, तर ही जबाबदारी तुम्ही घ्या. काय मागायचं: ही जागा निवडली त्याचा स्थळपाहणी अहवाल, प्रस्तावाची प्रत, आजूबाजूला सरकारी जमीन किती आहे, आणि तालुक्यात आधी घेतलेल्या औद्योगिक जमिनीतले किती प्लॉट अजून रिकामे आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सुनावणीत फार उपयोगी पडतं. "का?" असा प्रश्न विचारू नका, माहिती अधिकारात कागद मागायचा, कारण नाही, नाहीतर अर्ज परत येतो.

८. सुनावणी

आराखड्याची असेल तर नियोजन समितीसमोर किंवा नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर, ३२(२) ची असेल तर बहुतेक वेळा प्रांतांसमोर. पत्र येतं, पण पत्त्यावर, म्हणून अर्जात मुंबईचा पत्ता आणि मोबाइल दोन्ही लिहा. आमच्यातल्या ज्यांनी फक्त गावचा पत्ता लिहिला त्यांचं पत्र बंद घराच्या दारात पडून होतं.

आमची वेळ ११ ची होती, नंबर लागला अडीचला. बाहेर व्हरांड्यात शंभरेक माणसं, पिशव्यांमधून कागद, एक आजी पितळी डबा उघडून भाकरी खात बसलेली. आत गेल्यावर मिळाली फार तर सात मिनिटं. माझ्या आधीचे गृहस्थ सरकारवर बोलले, सगळं खरं बोलले, आणि टायपिस्टने लिहिलं "विरोध दर्शविला". मी नकाशाची मोठी प्रिंट टेबलावर पसरली, विहिरीवर लाल टिकली लावलेली. साहेब पहिल्यांदा खुर्चीतून पुढे वाकले. म्हणाले, ओढा बारमाही आहे का? मी म्हटलं मार्चपर्यंत असतो. हे त्यांनी लिहून घेतलं.

तर तीन मुद्दे, एक नकाशा, आणि लेखी म्हणणं वेगळं द्यायचं, त्याची पण पोच. आणि तुमच्या म्हणण्याची नोंद काय झाली ते सही करायच्या आधी वाचा. माझ्या नोंदीत सर्व्हे नंबर चुकीचा होता, तिथल्या तिथे बदलून घेतला.

लोक विचारतात, ह्याने काही होतं का? नेहमी नाही. पण रायगडात २१ सप्टेंबर २००८ ला सेझवरून, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रावरून, २२ गावांत सार्वमत झालं होतं, ते आमच्याच बाजूला, मी तेव्हा बघितलंय, आणि तो सेझ झाला नाही. नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली. आणि उरणच्या जासईला जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेली, त्यातूनच पुढे सिडकोची साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. जमीन तिथे गेलीच, पण काहीतरी परत मिळालं ते भांडल्यामुळे. एकट्याच्या अर्जाने आणि गावाच्या एकीने होणारी कामं वेगळी आहेत, दोन्ही करायची.

९. संयुक्त मोजणी आली तर घरी बसू नका

भूमी अभिलेखचे लोक, संपादन करणारे, आणि तुम्ही, म्हणून संयुक्त. काही गावांत मोजणीलाच विरोध करायचा ठरतं, तो गावाचा निर्णय. पण मोजणी होतच असेल तर बांधावर उभं राहायचं. मी तासभर उशिरा पोहोचले तेव्हा आमचे ११ आंबे कागदावर ४ झाले होते, कारण बाकीचे झुडपात होते आणि कोणी आत शिरलं नव्हतं. पुन्हा फिरवलं, प्रत्येक झाडाला चुन्याचा पट्टा मारला आणि मोजून दाखवलं. विहिरीची खोली, बांधीव की कच्ची, पाइपलाइन, कुंपण, सगळं पंचनाम्यात यायला हवं, कारण ह्या कागदावर नाही ते नंतर कुठेच येत नाही. पटलं नाही तर सही नाकारण्यापेक्षा सहीच्या वर "हरकतीसह" लिहा आणि काय हरकत ते दोन ओळीत.

१०. दर, मोबदला आणि दलाल

दराच्या मीटिंगला जायचं, आजूबाजूच्या गावांत गेल्या तीन वर्षांत झालेली खरेदीखतं घेऊन. दुय्यम निबंधक ऑफिसातून किंवा ऑनलाइन इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदीचा उतारा) काढता येतात. समजुतीने दर ठरला तर करार होतो, तोपर्यंतच बोलायची सोय, सही झाल्यावर वाढीव मागणं फार अवघड. नाही ठरला तर निवाडा होतो आणि मग कोर्ट, तिथे मुदत थोडी असते, निवाडा हातात पडला की त्याच आठवड्यात वकील गाठा. प्रकल्पग्रस्ताचा दाखला विसरू नका, सरकारी नोकरीत त्यांना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, घरातल्या कुठल्या पोराच्या नावाने काढायचा हे आधी ठरवा नाहीतर भांडणं होतात.

आता दलाल. नोटिशीच्या आधीच पांढऱ्या गाड्या फिरायला लागतात, खरं तर आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं. "सरकार कवडीमोल देणार, मी आत्ता रोख देतो." साठेकरार करतात, थोडा बयाणा देतात, आणि सोबत कुलमुखत्यारपत्रावर सही घेतात. ते कुलमुखत्यारपत्र म्हणजेच जमीन, बयाणा म्हणजे चहापाणी. दुसरा प्रकार, "मी तुमचं नाव यादीतून काढून देतो", हे कोणीच करू शकत नाही, राजपत्रात छापलेलं राजपत्रानेच बदलतं. तिसरा, कोरा स्टॅम्प पेपर. चौथा प्रकार आपल्याच घरातला, एकाने सगळ्यांच्या वतीने बोलणी करायची आणि बाकीच्यांना आकडा सांगायचा नाही. त्यासाठी आम्ही घरातल्या सगळ्या वारसांचा एक ग्रुप केला आणि नियम केला, कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी त्याचा फोटो ग्रुपवर.

११. ताब्याची नोटीस

३२(१) निघाल्यानंतर ताबा द्यायला नोटीस येते, ३० दिवसांची. उभं पीक असेल तर काढणीपर्यंत थांबा असा लेखी अर्ज लगेच द्या, तोंडी कोणी हो म्हटलं तर ते धरून चालू नका. आणि सातबाऱ्यावर दर महिन्याला नजर ठेवा, इतर हक्कात नवीन काही नोंद आली का ते. मी महिन्याच्या एक तारखेला पगाराचा मेसेज आला की १५ रुपये भरून काढते. ह्या महिन्यात अजून तरी आमची अकरा नावं आणि इतर हक्कात काकांच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा, एवढंच आहे.